चवथीचं चित्र कुणाचं?

पत्र असं आहे:

"बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही गोव्यात साखळीजवळ राहतो. मुलगी साडेचार वर्षांची, एलकेजीत आहे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीआधी शाळेनं स्पर्धेसाठी 'माझ्या घरची चवथ' असं चित्र घरून काढून आणायला सांगितलं. हिनं मागच्या वर्षीची आठवण काढत कागदभर गोल काढले आणि त्यावर काळा खडू इतका घासला की कागद फाटायला आला. विचारलं तर म्हणाली, माटोळी (गणपतीच्या वर फळं बांधून टांगतात ती चौकट). गणपती कुठं आहे म्हटलं, तर म्हणे, 'तो खाली आहे, दिसत नाही.' चित्र दुसऱ्याच दिवशी द्यायचं होतं. ती झोपल्यावर मी नव्या कागदावर गणपती, समया, माटोळी असं नीट काढलं, रंगवलं आणि कोपऱ्यात तिचं नाव घातलं. दुसरा नंबर आला. सर्टिफिकेट आणि चित्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. तेव्हापासून ती चित्र काढत नाही. खडू हातात दिला की माझ्या हातात परत देते, 'तूच काढ.' शेजारची तिच्याच वर्गातली मुलगी शंभरपर्यंत आकडे लिहिते. सासूबाई म्हणतात, बरं झालं, रंगात वेळ घालवण्यापेक्षा अक्षरं गिरवू दे. मिस्टर (ते आरतीला घुमट, म्हणजे कातडं ताणलेलं मातीचं वाद्य, वाजवतात, कलेची आवड आहे) म्हणतात ड्रॉइंगचा क्लास लावू, गोडी परत येईल. मी काय करू?"

तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. फोंडा तालुक्यात तीसेक वर्षं बालवाडीत काढली, मुलांच्या आयांना अहोजाहो करायची सवय कधी लागलीच नाही.

आधी त्या काळ्या चित्राबद्दल बोलू. तुझ्या पत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे आणि तू ती चार ओळींत उरकलीस. चवथीला एवढंसं पोर कुठं असतं? माटोळीच्या खाली, मान वर करून. तिथून त्याला दिसतं काय? नारळ, तोरिंग, निरफणस, चिबूड, आंबाडे, लालभडक कवंडळं, सुपारीची शिपटं. सगळं गोल, सगळं दाटीवाटीनं बांधलेलं, सगळं डोक्यावर लोंबणारं. तिथून बघणाऱ्याला गणपती खरोखरच खाली राहतो. 'तो खाली आहे, दिसत नाही' हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि थोडा वेळ नुसती बसले. आपण कुठं उभं राहून बघतोय हे त्या पोरीला पक्कं ठाऊक होतं. कागदावर न मावलेलंही काही असतं, हेसुद्धा. तू काढलेला गणपती कॅलेंडरवरून उतरलाय: समोरून, मधोमध, दोन्ही बाजूंना समया. चांगलाच असणार, उगाच दुसरा नंबर आला नाही.

काळ्या रंगाची धास्ती घेऊ नकोस. 'बाई, हा सारखा काळाच खडू घेतो, मनात काही नसेल ना?' असं किती आयांनी मला हळू आवाजात विचारलंय. बहुतेक वेळा मनात एवढंच असतं की पांढऱ्या कागदावर काळा खडू सगळ्यात ठसठशीत उमटतो.

आता माझं एक पाप सांगते. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी पालकमेळाव्यासाठी मी मुलांकडून फुलपाखरं 'करून घेतली'. म्हणजे आदल्या रात्री घरी बसून मीच बावीस फुलपाखरं कापली, मिशा चिकटवल्या, आणि मुलांनी मी खूण केली त्या जागी टिकल्या लावल्या. भिंतीवर एका ओळीत मांडली. पालक खूश, मोठ्या बाई खूश. दुसऱ्या दिवशी एक मुलगा त्या भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिला आणि मला विचारलं, "बाई, यातलं माझं कुठलं?" मला सांगता येईना. मागं नावंही घातली नव्हती.

त्या मुलाला निदान प्रश्न पडला होता. तुझ्या लेकीला उत्तरसुद्धा मिळालंय. फ्रेममधलं चित्र आपलं नाही, आणि ज्याला लोक वा म्हणाले ते हेच, या दोन्ही गोष्टी तिला रोज जेवताना समोर दिसतात. मग ती खडू तुझ्या हातात देते यात आळस कसला? सरळ हिशेब आहे. घरात चित्र कुणी काढायचं ते तुम्ही भिंतीवर टांगून ठेवलंय.

बक्षिसाबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्याकडे चवथ, दिवाळी, बालदिन, पर्यावरण दिन, काही आलं की पहिली स्पर्धा चित्रकलेची. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघा मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत चित्रं काढायची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी एकदम दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात नेहमीसारखे स्केचपेन मांडून ठेवले आणि कोण किती वेळ रमतं ते मोजलं. सर्टिफिकेटाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ तिथं थांबली. अचानक सर्टिफिकेट मिळालेल्यांवर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे बक्षीस मिळणं वाईट नाही, त्याच्यासाठी चित्र काढणं महागात पडतं. तुझ्या लेकीला तर दुसऱ्याच्या चित्रासाठी मिळालं. असा चौथा गट करायचं त्या तिघांना काही सुचलं नव्हतं!

आता सासूबाईंचं. त्यांच्याशी वाद घालायला म्हणून 'कलेनं बुद्धी वाढते' असलं काही सांगायला जाऊ नकोस. ते अर्धवट आहे. १९९३ साली कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवून कोडी सोडवायला दिली. जरा बरी जमली, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. एवढ्यावर पुढं बाळांना ऐकवायच्या सीड्यांचा धंदा उभा राहिला. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीताची सीडी पाठवायला सरकारी पैसे मागितले. मूळ प्रयोगात एकसुद्धा बाळ नव्हतं. तेव्हा मोठमोठी आश्वासनं नकोत. सासूबाईंना अक्षर हवंय ना? अक्षराबद्दलच बोल.

आपल्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मताना ती कूर्चेचीच असतात, मग एकेक करत हाड बनत जातात, आणि आठही तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. असल्या मनगटाकडून आपण चार ओळींच्या वहीत मावणारं अक्षर मागतो. रेघांनाही वय असतं. बघून गोल काढणं साधारण तिसऱ्या वर्षी जमतं, अधिकाचं चिन्ह चौथ्याच्या आसपास, चौकोन त्यानंतर, आणि त्रिकोण पाचव्याच्या सुमाराला. तिरपी रेघ सगळ्यात उशिरा येते. आता इंग्रजीतली ए, के, एम, एक्स डोळ्यांपुढं आण. सगळी तिरप्या रेघांवर उभी! एलकेजीतल्या पोरांची ए काढताना रडारड होते ती उगाच नाही. हात अजून तिथं पोचलेलाच नसतो.

आणि आपली अक्षरं? काठीला चिकटलेला गोल म्हणजे व. त्याच्या पोटात रेघ मारली की ब. शिरोरेघेला दोरीनं टांगलेला गोल म्हणजे ठ. माटोळीच की ती! तुझ्या लेकीनं कागदभर काय काढलं होतं, ते सासूबाईंना दाखव. गिरवण्याच्या वहीत असे गोल शंभर काढायला लावले असते तर पाचव्यालाच कंटाळली असती. इथं कागद फाटेपर्यंत काढले.

त्यातली आणखी एक गोष्ट वयानं मोठ्या माणसांच्या चटकन ध्यानात येत नाही. दोन-अडीच वर्षांचं मूल रेघोट्या मारतं तेव्हा त्याला हाताच्या हालचालीची मजा वाटत असते. मग एक दिवस एक गोल काढतं आणि म्हणतं, 'आजी.' त्या गोलाला डोळे येतात, मग थेट डोक्यालाच हातपाय फुटतात, पोट नंतर कधीतरी येतं. पण 'हा गोल म्हणजे आजी' असं ते ज्या दिवशी म्हणालं, त्या दिवशी एक खूण एका माणसाच्या जागी उभी राहू शकते हे त्याला उमगलेलं असतं. वाचन दुसरं काय असतं? 'ज' सारखा काहीच दिसत नसलेल्या जहाजाच्या जागी 'ज' उभा करायचा. ज्याचे गोल आधी आजी झाले, चंद्र झाले, माटोळी झाले, त्याला हे नवं वाटत नाही.

शेजारची मुलगी शंभरपर्यंत लिहिते ते छानच. तिला स्वयंपाकघरातून सात पातोळ्या मोजून आणायला सांग, कधी जमतं कधी नाही. लिहिता येणं वेगळं, मोजता येणं वेगळं. आणि तुलना इथंच थांबव.

क्लासचा प्रश्न तुझ्या मिस्टरांनाच उलटा विचार: तुम्ही घुमट कुठल्या क्लासात शिकलात? बहुधा वडिलांच्या नाहीतर काकांच्या मांडीला टेकून, आधी नुसतं ऐकत, मग पाटावर बोटं आपटत, मग कुणी तरी पाणी प्यायला उठल्यावर दोन मिनिटं हातात घेऊन. आपण लहान असताना घुमटाला घोरपडीचं कातडं असे. वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं, बकरीचं आलं, जुनी माणसं अजून आवाजाबद्दल कुरकुरतात. पण २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, तोवर ते टिकून राहिलं ते असल्याच मांडीवरच्या शिकवणीनं. मिस्टरांना म्हणावं, क्लासची फी राहू दे, रोज संध्याकाळी दहा मिनिटं घुमट घेऊन पोरीसमोर बसा. तुम्ही वाजवाल तोवर तिनं नाचायचं, थांबलात की पुतळा व्हायचं. मग उलट, ती थाप मारील आणि तुम्ही नाचायचं. मनात आलेली हालचाल आवरून धरणं हे या वयातलं मोठं शिक्षण आहे, आणि ते 'गप्प बस' म्हणून येत नाही, असल्या खेळांतून येतं. ड्रॉइंगचा क्लास सात-आठ वर्षांची झाल्यावर, तिनं स्वतः मागितला तर. आज लावलास तर तिथं डोंगर, त्यामागं सूर्य, नदी, नारळाचं झाड आणि झोपडी काढायला शिकेल. गोव्यात राहून झोपडी.

मग आता करायचं काय?

पहिलं काम फ्रेमचं. गुपचूप काढून टाकू नकोस, तिच्यासमोर काढ. सांग, "हे चित्र मी काढलं होतं. तुझी माटोळी मी बाजूला ठेवली आणि माझं चित्र तुझ्या नावानं दिलं. चुकलं माझं." एवढंच. रडू नकोस, माफीची मोठी गोष्ट करू नकोस, नाहीतर तिलाच तुझी समजूत घालावी लागेल. तिचा कागद जपून ठेवला असशील तर तो तिथं लाव, फाटका आहे तसाच. रद्दीत गेला असेल तर तेही खरं सांग. मुलं खरं पचवतात, लपवाछपवी त्यांना नीट कळते.

दुसरं म्हणजे महिनाभर कागद-खडूचं नाव काढू नकोस. समोर दिसतील असे असू देत, पण 'काढ ना ग' नको. आता पाऊस सरलाय, दुपारी ऊन पडतं. अंगणाला चिऱ्यांचा गडगा असेलच. नारळाच्या एका करटीत पाणी दे आणि सोडणाचा (नारळावरच्या सालीचा) एक तुकडा टोकाशी कुटून कुंचला करून दे. कोरड्या चिऱ्यावर पाणी लागलं की तो गडद लालतांबडा होतो, आणि पाचेक मिनिटांत काढलेलं सगळं वाळून जातं. नंबर कुणी देणार नाही, तुला जपून ठेवता येणार नाही, आणि सबंध हात खांद्यापासून फिरतो. मनगटाच्या आधी खांदा तयार व्हावा लागतो, हे गिरवण्याच्या वह्या छापणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. साधन फुकट आहे म्हणून हलकं समजू नकोस. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, खडे, पानं घेतली होती. ते काम पुढं कोसबाडला गेलं आणि आपल्या बालवाड्यांनी तिथूनच धडे घेतले. मोबाइलवरचं रंग भरायचं खेळणं मात्र देऊ नकोस. बोट टेकलं की रेषेच्या आत अचूक रंग भरतो, हाताला काहीच करावं लागत नाही.

तिसरं, दिवाळी दारात आलीय. वाड्यावरची पोरं नरकासुराचा पुतळा उभा करत असतील, बांबू, गवत, जुने पेपर घेऊन. मोठ्यांच्या नरकासुराजवळ नाही, बारक्यांचा एखादा असतोच, तिथं तिला घेऊन जा. मैद्याची खळ करून डबा भरून ने आणि तिला पेपर फाडायच्या कामाला लाव. फाडायचं, खळीत बुडवायचं, चिकटवायचं. हात कोपरापर्यंत बरबटतील, बरबटू देत. तिथं कुणी तिला 'छान काढलंस' म्हणणार नाही. म्हणतील, 'अजून आण, पाठ उघडी राहिलीय.' सध्या तिला हेच हवंय: आपल्या हातानं केलेलं उपयोगी पडलं, असं वाटणं. पहाटे तो जळणार आहे, तेव्हा तुलाही फ्रेम करायचा मोह होणार नाही.

पुढच्या वर्षी गणपती करतात त्या चित्रशाळेत मूर्तीसाठी पाट पोचवायला जाल तेव्हा तिला बरोबर न्या आणि मूठभर माती मागून घ्या. लहान मूल मागतंय म्हटल्यावर नाही म्हणणारा मूर्तिकार मी अजून पाहिलेला नाही. तोवर चपातीची कणीक आहेच.

ती पुन्हा कागदाकडे वळेल. कधी, ते मी सांगू शकत नाही, पण वळेल. तेव्हा दोन गोष्टी जपायच्या. 'हे काय आहे?' विचारू नकोस, कारण त्यात 'मला ओळखू येत नाही' हे दडलेलं असतं. 'याचं सांग ना मला' म्हण. काही सांगायचं नसेल तर जे दिसतं तेवढंच बोल, 'इथं फार जोरात घासलंयस, इथं हळू.' आणि 'तूच काढ' म्हणाली तर शेजारी बसून डाव्या हातानं तुझं तू काहीतरी काढ. तिच्या कागदाला हात लावायचा नाही. डाव्या हातानं एवढ्यासाठी, की आईचं पण वेडंवाकडं येतं हे तिला दिसू दे.

शिक्षिकेला सांगायचं का? मी सांगितलं असतं. तक्रार करायला नको, 'टीचर, ते चित्र माझं होतं' एवढंच सहज बोलावं. तुझ्या लेकीच्या वर्गातल्या निम्म्या आयांनी तेच केलं असणार आणि टीचरनाही ते दिसलं असणार. साडेचार वर्षांच्या मुलांना घरून चित्र आणायला सांगून त्यावर नंबर काढणं हे शाळेचंही चुकलंच. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात खेळातून शिकणं हाच पाया धरलाय, आणि भाषा-गणिताच्या बरोबरीनं सौंदर्य व संस्कृतीची जाण हे स्वतंत्र क्षेत्र म्हणून दिलंय. पालकसभेत हे बोलायला हरकत नाही. एकटीनं बोलू नकोस, आणखी दोन आया बरोबर घे.

एक काळजी मात्र मनातून काढून टाक. हात थरथरतो, चमचासुद्धा धरता येत नाही, वस्तू अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघते, असं काही असतं तर मी तुला आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. कागद फाटेपर्यंत खडू घासणाऱ्या हाताला काही झालेलं नाही.

आणि तळटीपेत तू विचारलंयस, पूर्वी तिनं हॉलच्या भिंतीवर मारलेल्या मेणखडूच्या रेघोट्या कशा घालवायच्या? ओल्या फडक्यावर खायचा सोडा घे आणि हलक्या हातानं गोल गोल घास. आधी सोफ्यामागच्या कोपऱ्यात करून बघ, काही रंगांवर डाग राहतो. पण सगळ्या घालवू नकोस. फ्रेम होती त्याच्या खालची, तिच्या खांद्याइतक्या उंचीची भिंत तशीच राहू दे.